ढगांखालची वस्ती

ऊन पाहून घर बांधावे, हा जुना संकेत आहे. पूर्वेला दार, अंगणात ऊन आणि वाळवणास मोकळी जागा, ही वास्तूची पहिली कसोटी मानली जाते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत मात्र याच्या उलट चित्र दिसते.

सुमारे ४५० मीटर उंचीच्या जव्हारच्या पठारावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग ठाण मांडून बसतात. कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही. मिठाला पाणी सुटते, कोठीतल्या धान्याला बुरशी धरते. चोविहार पाळणाऱ्या कुटुंबाला अशा दिवसांत सूर्यास्त आकाशात दिसत नाही, तो पंचांगात पाहावा लागतो.

तरीही गावे भरलेली असतात ती याच अंधाऱ्या महिन्यांत. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी कुटुंबे पेरणीपूर्वी परततात. खाचरात भात लागतो, उतारावर नागली आणि वरई. दिवाळीनंतर आकाश निवळते, लख्ख ऊन पडते आणि नेमक्या त्याच वेळी पाडे ओस पडू लागतात. माणसे वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघतात. मुलांची शाळाही मध्येच सुटते.

कारण ऊन असते, पण पाणी नसते. कातळात पाऊस फारसा मुरत नाही, तो उतारावरून वाहून जातो. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईची तहान भागवते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा या भागाचे दारिद्र्य साऱ्या राज्याला दिसले.

जैन साधु-साध्वीही आषाढात एके ठिकाणी स्थिरावतात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार करतात. पंचांग दोघांचे एकच आहे. साधूचे निघणे व्रत असते, मजुराचे निघणे नाइलाज.

हा नाइलाज अटळ मात्र नाही. जेथे विहिरीचे वा बंधाऱ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते, तेथे काही शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. त्याच्या कळ्या मुंबईच्या बाजारात जातात आणि कुटुंब घरीच राहते. वस्ती कोठे टिकेल हे ऊन एकटे ठरवत नाही, उन्हाच्या दिवसांत हाताशी उरलेले पाणी ठरवते. दानाचा हात कोठे वळवावा, याचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.