गाणारी सून

मैत्रिणींनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी बाजाची पेटी धूळ खात पडली आहे का हो? माझी होती. १९७४ साली मी अकोल्याहून लग्न होऊन वलगावला आले, तेव्हा ती माझ्या सामानात होती. घर माणसांनी भरलेलं. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. 'वाजवू नको' असं कुणी म्हटलं नाही. पण 'वाजव' असंही कुणी म्हटलं नाही.

एकदा दुपारी गहू निवडत बसले होते. रेडिओवर ज्योत्स्नाबाई भोळे गात होत्या, 'कुलवधू'मधलं भैरवीतलं पद. माझे हात थांबले. सासूबाईंनी ते पाहिलं नि म्हणाल्या, "थे तं आपल्या अमरावतीची सून हाये वो!"

खरंच की! त्यांचे यजमान, संगीतकार केशवराव भोळे, यांचा जन्म १८९६ सालचा, अमरावतीचा. ज्योत्स्नाबाई मात्र गोव्याच्या. माहेरच्या दुर्गा केळेकर, जन्म १९१४. आपल्याकडे लग्न झालं की गाणं संपतं. यांचं रंगभूमीवरचं आयुष्य लग्नानंतरच सुरू झालं!

१९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. त्या काळी बहुतेक ठिकाणी पुरुषच लुगडं नेसून नायिका होत. बालगंधर्वांची तर केवढी मोहिनी! अशा वेळी एकोणीस वर्षांची ही लग्नाची बाई स्वतः नायिका म्हणून उभी राहिली. संगीत केशवरावांचं. नवऱ्यानं चाली बांधायच्या नि बायकोनं चारचौघांत गायच्या! लोक बोलले नसतील का? पण तिच्यामागे घरातलं माणूस उभं होतं.

पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं. सिनेमात काम करून नाव मिळवणारी बायको आणि त्या नावानं अस्वस्थ होणारा नवरा, अशी ती गोष्ट. भानुमतीच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई घराघरांत पोचल्या. १९७६ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००१ साली त्या गेल्या.

हे सगळं आज का सांगते? परवा माझी सून म्हणाली, "आई, राज्य नाट्यस्पर्धेच्या नाटकात मला काम मिळतंय. तालमी अमरावतीला, संध्याकाळच्या. जाऊ?" माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं: रात्री उशीर होईल, पोराच्या जेवणाचं काय, लोक काय म्हणतील? शब्द ओठांवर आले, आणि माळ्यावरची पेटी आठवली. मला कुणी अडवलं नव्हतं, हे खरं. पण कुणी मागे उभंही राहिलं नव्हतं. आता तीच गप्प बसणारी सासू मी होणार होते!

मी म्हटलं, "जा. पोराचं मी बघते."

त्याच संध्याकाळी मुलाकडून पेटी खाली काढवली. भात्याला भोकं पडलीत, दोन सूर मुके आहेत. अमरावतीला दुरुस्तीला दिली आहे. तालमीच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक आता माझ्याकडे असतो. भाकरी थापताना मी गुणगुणते, नि नातू विचारतो, "आजी, तुला गाता येतं?"

तुमच्या माळ्यावर काय आहे, बघा बरं एकदा!