रविवारची अंपायर

ऑफिसच्या क्रिकेट टूर्नामेंटमध्ये ओपनिंगला जायला अकराच्या अकरा जण तयार असतात. शेवटची ओव्हर टाकायलाही दोघं-तिघं हात वर करतात. अंपायरिंगचा विषय निघाला, की मात्र सगळ्यांना एकदम अर्जंट फोन यायला लागतात! गेली चार वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मी अकाउंट्समध्ये बसते. 'हिला हिशेब जमतो, ओव्हरचे बॉल तरी नीट मोजेल,' एवढ्याच क्वालिफिकेशनवर माझं सिलेक्शन झालं.

बॉल मोजायला सहा खडे लागतात. एक बॉल पडला, की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. वाइड किंवा नो-बॉल असेल तर खडा जागचा हलवायचा नाही. हे पहिल्याच दिवशी जमलं. पुढचं शिकायला मात्र बोरिवली-चर्चगेटचे बरेच प्रवास खर्ची पडले. क्रिकेटचे 42 कायदे आहेत आणि ते लंडनचा एमसीसी हा क्लब लिहितो. ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. वाचायला लागल्यावर कळलं, की टीव्ही बघून आपण जे 'नियम' पाठ केलेत, त्यातले बरेच अर्धवट आहेत.

उदाहरणार्थ, बॉलरचा पुढचा पाय. टाच हवेत असली तरी चालते, फक्त पाय टेकताना त्याचा काही भाग रेषेच्या मागे हवा. एलबीडब्ल्यू घ्या. बॉल लेग-स्टंपच्या बाहेर टप्पा पडून आला, तर तो पुढे मिडल-स्टंप उडवणार असला तरी बॅट्समन नॉट आउट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुणी अपील केलं नाही तर अंपायरने बोट वर करायचंच नाही. समोरचा ढळढळीत आउट असला, तरी आपण आपले गप्प. विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे ऑफिसातही किती जणांना जमतं सांगा!

दुसरी सवय मी स्टीव्ह बकनरकडून उचलली. हो, तोच! 2008 च्या सिडनी टेस्टनंतर आपण सगळ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली होती. पण निर्णय देण्याआधी तो थांबायचा, ते मला आवडायचं. अपील झालं, की मी मनात एक ते तीन मोजते. तेवढ्यात अकरा जणांचा आरडाओरडा विरतो आणि डोळ्यांनी काय पाहिलं, तेवढंच उरतं.

'मॅडम, तुम्हाला नीट दिसलं ना?' हा प्रश्न मात्र अजून येतो. शेजारी उभ्या राहिलेल्या पुरुष अंपायरला तो कुणी विचारत नाही. जानेवारी 2023 मध्ये वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी पुरुषांच्या रणजी मॅचेसमध्ये अंपायर म्हणून उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी या प्रश्नावर नुसती हसते आणि पुढचा खडा हातात घेते.

खरी परीक्षा गेल्या वर्षीच्या सेमीफायनलला झाली. सीनियर्स विरुद्ध ट्रेनी. शेवटची ओव्हर, शेवटची जोडी, सीनियर्सना तीन रन्स हव्यात. नॉन-स्ट्रायकरला आमचे डिपार्टमेंट हेड, म्हणजे माझ्या अप्रेझलवर सही करणारे साहेब. बॉलर तीन महिन्यांपूर्वी जॉइन झालेला, प्रोबेशनवरचा पोरगा. साहेब प्रत्येक बॉलला दोन पावलं आधीच निघत होते. तिसऱ्या बॉलला तो धावत आला, हात खांद्यापर्यंतही न नेता थांबला, बेल्स उडवल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, 'हाउज दॅट?'

मैदानात एकच कल्ला! 'हे काय क्रिकेट झालं?' 'स्पिरिट कुठे गेलं?' विनू मंकड यांनी 1947 मध्ये सिडनीत बिल ब्राउनला असंच आउट केलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. आउट होणाऱ्याचं सोडून आउट करणाऱ्याचंच नाव त्या प्रकाराला चिकटलं. 2022 मध्ये मात्र एमसीसीने हा प्रकार 'अनफेअर प्ले'च्या कायद्यातून काढून 38 व्या, म्हणजे साध्या रनआउटच्या कायद्यात टाकला.

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांवर दया दाखवावी, असं अनेकांना वाटत होतं. पण कायद्याने ती सोयही ठेवली आहे. पुढचा बॉल खेळात येण्याआधी, किंवा इनिंग संपली असेल तर अंपायर मैदानाबाहेर जाण्याआधी, फील्डिंग कॅप्टन अंपायरच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. म्हणजे मोठेपणा दाखवायचा हक्क कॅप्टनचा. तो मी परस्पर दाखवला, तर ते माझं औदार्य नाही, माझी भीती! मी ट्रेनींच्या कॅप्टनला विचारलं, 'अपील कायम?' त्याने बॉलरकडे पाहिलं. 'कायम, मॅडम.'

एक, दोन, तीन. बोट वर. सीनियर्स दोन रन्सनी हरले.

सोमवारी आणि मंगळवारी साहेब माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. बुधवारी चहाच्या मशीनपाशी भेटले आणि म्हणाले, 'कितवा गं तो कायदा?' मी म्हटलं, 'अडतिसावा, सर.' या वर्षीच्या पहिल्या मॅचला त्यांची बॅट बॉल सुटेपर्यंत क्रीजमध्येच होती.

त्या पोराला कन्फर्मेशनचं लेटर वेळेवर मिळालं. त्याचा आणि त्या बॉलचा काही संबंध नव्हता. तसा तो कधी नसावा, म्हणून तर मैदानात कुणीतरी पांढरी टोपी घालून उभं राहायचं असतं. पुढच्या रविवारी स्क्वेअर-लेगची जागा रिकामी आहे. येताय? सनस्क्रीन मात्र आपापलं आणा!