शिवाजी पार्कची मोकळी जागा

संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की पश्चिमेकडून खारा वारा येतो. मध्ये इमारती आहेत म्हणून समुद्र दिसत नाही, एवढंच. १९२५ साली पालिकेनं हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं १९२७ मध्ये, शिवरायांच्या त्रिशताब्दी वर्षात, त्याचं शिवाजी पार्क झालं. अवंतिकाबाईंचं नाव इथे आणखी ठळक असायला हवं, असं मला फार वाटतं.

समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, गणपतीचं देऊळ, आचरेकर सरांच्या नेटमध्ये घडलेला सचिन हे सगळे सांगतात. मला मात्र मैदान खरं कळतं ते डिसेंबरात. सहा तारखेला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायला गावोगावहून लाखो माणसं येतात, इथेच मुक्काम करतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि अनवाणी आलेला माणूसही पुस्तक घेऊन परततो. मुंबईतलं याहून मोठं दृश्य मी पाहिलेलं नाही.

अश्वारूढ महाराजांच्या पुढे केलेल्या हातात तलवार नाही. तो पुतळा जरूर पाहा, आणि या मैदानावर आणखी काही बांधायची गोष्ट निघाली तर ठामपणे नाही म्हणा.