चौथ्या बारचं टेन्शन

तीन बार झक्कास जातात. चौथ्या बारमध्ये माझी दांडी गुल होते! (गैरसमज नको, हा बार चार मात्रांचा.)

ड्रम्सच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा माझा फंडा सरळ होता. दिवसभर डेडलाइनच्या तालावर नाचायचं, तर संध्याकाळी तरी मनाला येईल ते बडवावं. पहिले काही महिने उजवा हात हाय-हॅटवर, डावा स्नेअरवर आणि पाय बेस ड्रमवर, हे जमवण्यातच गेले. मग एक दिवस सर म्हणाले, "तीन बार हाच ग्रूव्ह. चौथ्यात तुला हवं ते वाजव."

हवं ते! आणि मला नेमकं काहीच सुचेना. समोर पाच ड्रम, तीन झांजा आणि डोकं रिकामं.

त्याच शनिवारी मित्राच्या घरी जॅमिंग होतं. चौथा बार आला आणि आजवर जे जे ऐकलं होतं ते सगळं मी एकदम वाजवायला गेले. टॉम्सवरून गडगडाट करत खाली आले, दणकन क्रॅश हाणला... पण पुढच्या बारचा 'एक' कधीच निघून गेला होता! गिटारवाला थांबला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. "चालतं गं," सगळे म्हणाले. ते 'चालतं' जास्त लागलं. पुढचे दोन क्लास मी चक्क बुडवले.

"आज भांड्यांची आदळआपट नाही?" बाबांनी विचारलं. बाबा एकेकाळी भजनी मंडळात तबला वाजवायचे. माझ्या ड्रम्सबद्दल त्यांचं मत हे असं. तरी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"मोजत होतीस का?"

"बाबा, इम्प्रोव्हायझेशन आहे ते. त्यात काय मोजायचं?"

"मग सम कुठे आहे ते तुला सांगणार कोण?"

मग डायनिंग टेबलावर त्यांनी बोटांनी तिहाई वाजवून दाखवली. एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा आघात बरोब्बर समेवर. तबल्यातला कायदाही असाच असतो म्हणे. मोजके बोल घ्यायचे आणि त्यांचीच उलटापालट करत पलटे रचायचे. बाहेरचा बोल आणायचा नाही. म्हणजे स्वातंत्र्य आहे, पण कुंपणाच्या आत!

तिसऱ्या क्लासला गेले. सरांना कारण सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त टॉम्स आणि झांजांकडे बोट दाखवलं. "हे सगळं विसर. फक्त स्नेअर. मेट्रोनोम ६० वर. आधी तोंडाने म्हण, मग वाजव. आणि पाय थांबवू नकोस."

घरी त्यांनी 'फंकी ड्रमर' ऐकायला सांगितलं. जेम्स ब्राऊनचं १९७० चं हे गाणं. त्यात सगळे वादक थांबतात आणि क्लाइड स्टबलफिल्ड ८ बार एकटा वाजवतो. तेव्हाही तो कसरती करत नाही. आधीपासून चाललेला ग्रूव्हच धरून ठेवतो. तेच ८ बार पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत सॅम्पल झाले. मी ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. पण ऐकताना 'एक' मात्र मोजत होते!

मग बाबांची तिहाई स्नेअरवर उतरवली. हिशेब सोपा आहे. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, की बारमध्ये १६ जागा होतात. पहिल्या दोन सोडायच्या. तिसरीपासून पाच-पाचचे तीन गट, मध्ये न थांबता. पंधरावा आघात आपोआप पुढच्या 'एक'वर येतो.

परवा पुन्हा जॅमिंग झालं. चौथा बार आला. पोटात गोळा. दोन जागा सोडल्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटत सुरुवात केली. एक काठी रिमवर आपटली, एक आघात चक्क गाळला. पण पाय चालू होता. 'एक' आला आणि आम्ही सगळे एकत्र त्यावर पडलो! कोणी थांबलं नाही. कोणी 'चालतं'सुद्धा म्हणालं नाही.

घरी येऊन तीच तिहाई बाबांना टेबलावर वाजवून दाखवली. डोळे मिटून त्यांनी ऐकली. मान किंचित हलली. वाटलं, आता शाबासकी!

"हं," बाबा म्हणाले, "आता हीच निम्म्या लयीत वाजव बघू."