गोबरगॅस बांधण्याआधी

गोबरगॅस वाईट नाही; पण तुमच्या घराला तो पेलतो का, हे आधी पाहा. आम्ही पेडगावात 1994 साली भर श्रावणात भरला गोठा पाहून 2 घनमीटरचा बांधला. त्याला रोज 50 किलो शेण लागतं, आणि तेवढंच पाणी. एक जनावर साधारण 10 किलो देतं, म्हणजे दावणीला पाच हवीत. आमच्याकडं सहा होती! पुढं दुष्काळी साल आलं, वैरण संपली, तीन विकली. विहिरीनं तळ गाठला. एके दिवशी कारभारीण म्हणाली, "अहो, हा गॅस शेणावर चालतो, का माझ्या डोक्यावरच्या हंड्यावर?" काय बोलणार? रोजचे चार हंडे तीच आणत होती, अन् ते मी हिशेबात धरलेच नव्हते. लोखंडी टाकी गंजली, चूल पुन्हा पेटली.

गेल्या फाल्गुनात पुतण्या विचारायला आला. म्हटलं, वैशाखात आठ दिवस शेण तोलून बघ, आणि पाण्याचं सूनबाईला विचार. काटा 30 किलोच्या वर गेला नाही. आता तो 1 घनमीटरचा बांधतोय. त्याला 25 किलो पुरतं. नळाची तोटी मात्र सूनबाईनं गोठ्याशी आधीच बसवून घेतली.