डेअर : सरकत्या वाळूचा मुलूख

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलिना राज्यात, डेअर नावाची काउंटी आहे. तिच्या हद्दीत तीन हिस्से पाणी आणि जेमतेम एक हिस्सा जमीन. त्या जमिनीतलाही मोठा भाग मुख्य भूमीवरच्या दलदलीचा. तिथे लाल लांडगे राहतात आणि मोकळ्या रानात हा प्राणी जगभरात आता याच टापूत उरला आहे. माणसांची वस्ती बहुतेक सगळी समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यांवर. या पट्ट्यांना आउटर बँक्स म्हणतात.

हॅटरस बेटाकडे जाणाऱ्या बारा नंबरच्या रस्त्याने मी दक्षिणेला निघाले. डाव्या हाताला अटलांटिक गर्जत होता, उजव्या हाताला पॅम्लिको साउंड या खाडीचं पाणी चमकत होतं आणि मध्ये एक रस्ता, विजेचे खांब आणि वाळूचा लांबच लांब बांध. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी दातांखाली वाळू कचकचत होती. काही ठिकाणी हा पट्टा इतका चिंचोळा की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत जायला दहा मिनिटं पुरावीत. आतलं पाणी मात्र अफाट. सव्वाशे किलोमीटरच्या वर लांब पसरलेलं, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि बऱ्याच भागात खोली माणूस बुडेल न बुडेल एवढीच. १५२४ साली वेराझानो नावाचा इटालियन दर्यावर्दी या किनाऱ्याने गेला. त्याला जहाजावरून वाळूचा पट्टा दिसला आणि पट्ट्यापलीकडे पुन्हा पाणी दिसलं. चीनकडे जाणारा पूर्वेचा समुद्र तो हाच, अशी त्याची खात्री झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं युरोपातले काही नकाशे अमेरिकेला मध्येच बारीक कंबर काढत राहिले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याच पाण्याकडे पाहिलं तेव्हा त्या माणसाची समजूत मला अगदी पटली.

माझा डोळा कोकणातल्या कातळावर तयार झालेला. सिंधुदुर्गाचा तट साडेतीनशे वर्षं लाटा झेलतो आहे आणि बेट जागचं हललेलं नाही. इथे पायाखाली कातळच नाही. वादळ आलं की समुद्र वाळूचा बांध फोडतो, समोरची वाळू उचलतो आणि बेटाच्या पाठीमागे साउंडच्या बाजूला नेऊन टाकतो. तिथे गवत रुजतं, खाजण तयार होतं. पुढची बाजू झिजते, मागची वाढते, आणि अशा तऱ्हेने अख्खं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहतं. पाण्याची पातळी वाढत असताना ही बेटं बुडाली नाहीत ती या सरकण्यामुळेच. १९३० च्या दशकात सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून इथे काट्याकुट्यांची कुंपणं घातली, गवत लावलं आणि समुद्राच्या बाजूने मैलोन्मैल वाळूचे उंच बांध उभे केले. त्यांच्या आडोशाने रस्ता आला, वस्ती आली. पण मागच्या बाजूला जाणारी वाळूही त्या बांधांनी अडवली, आणि पाठीला काही न मिळता बेट पुढून झिजत राहिलं. इतकी मेहनत, इतका चांगला हेतू, आणि त्यातून हे व्हावं, याची मला फार हळहळ वाटली.

वाटेत ओरेगॉन इनलेट लागतं. १८४६ च्या सप्टेंबरात एका चक्रीवादळाने इथे जमीन फोडली आणि समुद्र व साउंड यांच्यात मुख उघडलं. त्यातून पहिल्यांदा गेलेल्या जहाजाचं नाव ओरेगॉन, तेच मुखाला मिळालं. तेव्हापासून हे मुख दक्षिणेकडे तीनेक किलोमीटर सरकलं आहे. १९६३ साली त्यावर पूल बांधला, आणि पुढची कित्येक वर्षं बोटींच्या गाळ्याखालची वाळू उपसण्यात गेली, कारण पाणी दुसरीकडूनच वाहू पाहत होतं. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलावरून जाताना दिसतं की बोटींसाठी उंच गाळे एकापुढे एक असे अनेक ठेवले आहेत. पाण्याने वाट बदलली तर बोटींनीही बदलावी. हा पूल बांधणाऱ्यांना ही जागा कळली, असं मी मनापासून म्हणेन.

काउंटीचा कारभार चालतो तो आतल्या बाजूच्या रोआनोक बेटावरून. हे बेट जेमतेम तेरा किलोमीटर लांब, आणि इंग्रजांनी अमेरिकेत वसाहत करण्याचा पहिला प्रयत्न केला तो इथेच. १५८४ साली वॉल्टर रॅलेने पाठवलेली जहाजं आली आणि परत जाताना मँटिओ आणि वाँचीझ या दोन स्थानिक तरुणांना इंग्लंडला घेऊन गेली. लंडन पाहून दोघे मायदेशी परतले. मँटिओ इंग्रजांचा शेवटपर्यंत मित्र राहिला, वाँचीझ त्यांचा शत्रू झाला. आज बेटावर दोन गावं आहेत, एक मँटिओ, दुसरं वाँचीझ. एकाच्या धक्क्यावर शिडाच्या देखण्या नौका, दुसऱ्याच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी आणि जाळ्यांचे ढीग. दोघांचीही आठवण या भूमीने जपली.

१५८७ साली जॉन व्हाइट नावाचा चित्रकार शंभराहून थोडी जास्त माणसं घेऊन आला. त्यात बायका-मुलंही होती. १८ ऑगस्टला त्याच्या मुलीला मुलगी झाली. तिचं नाव व्हर्जिनिया डेअर. अमेरिकेत जन्मलेलं हे पहिलं इंग्रज मूल, आणि १८७० साली काउंटी झाली तेव्हा तिला याच मुलीचं नाव दिलं गेलं. नात काही दिवसांची असतानाच आजोबा रसद आणायला इंग्लंडला निघाले. स्पेनशी युद्ध पेटलं, जहाजं मिळेनात, आणि व्हाइट परतला तो थेट १५९० मध्ये, नेमका नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. वस्ती रिकामी. कुंपणाच्या खांबावर ‘क्रोटोअन’ असं कोरलेलं, एका झाडावर फक्त पहिली तीन अक्षरं. संकट असेल तर क्रूसाची खूण करायची असं ठरलेलं होतं, ती खूण कुठेच नव्हती. त्याने पुरून ठेवलेल्या पेट्या कोणीतरी उकरल्या होत्या. पुस्तकांच्या बांधण्या फाटलेल्या, चित्रं आणि नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजून गेलेलं. हे सगळं व्हाइटने स्वतः लिहून ठेवलं आहे. क्रोटोअन म्हणजे आजचं हॅटरस बेट, मँटिओच्या माणसांचं. तिकडे जायचं ठरलं, पण वादळाने नांगर तुटले, जहाज भरकटलं, आणि आजोबा-नातीची भेट झाली नाही ती नाहीच. १९३७ पासून या बेटावर पाण्याकाठच्या उघड्या रंगमंचावर दर उन्हाळ्यात या कथेचं नाटक होतं. महायुद्धाच्या काळात ते थांबलं होतं. ज्या किनाऱ्यावर ती माणसं राहिली, त्याचा बराचसा भाग तेव्हापासून पाण्यात गेला आहे. म्हणजे उकरून शोधायचं म्हटलं तरी जमीन जागेवर हवी ना!

ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच बेटावरची रिचर्ड एथ्रिजची कथा मात्र मला तिथे जाऊनच कळली, आणि मला विचाराल तर या काउंटीतली सर्वांत थोर कथा तीच. एथ्रिज १८४२ साली गुलामगिरीत जन्मला. यादवी युद्धात १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजांनी रोआनोक जिंकलं, गुलामीतून सुटलेल्या माणसांची वसाहत इथे उभी राहिली, आणि एथ्रिज उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. पुढे किनाऱ्यावर सरकारी जीवरक्षक ठाणी उभी राहिली, कारण हॅटरसच्या टोकापुढे डायमंड शोल्स नावाचे वाळूचे उथळे आहेत, उत्तरेचे थंड आणि दक्षिणेचे उबदार प्रवाह तिथे भिडतात, आणि जहाजांची तिथे इतकी हानी झाली की या पाण्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात. १८८० मध्ये एथ्रिज पी आयलंड ठाण्याचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली काम करायला गोऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने सगळी काळी माणसं निवडली. काही महिन्यांतच ठाणं जळून गेलं. त्याने पुन्हा उभं केलं आणि माणसांकडून इतकी कडक तालीम करून घेतली की किनाऱ्यावर त्याच्या पथकाचा लौकिक झाला.

११ ऑक्टोबर १८९६ च्या रात्री चक्रीवादळात ई. एस. न्यूमन हे शिडाचं जहाज फुटलं. समुद्र बेटावर इतका चढला होता की दोर फेकण्याची तोफ रोवायलाही कोरडी जागा नव्हती. एथ्रिजने दोन माणसांना जाड दोराने एकमेकांशी बांधलं, दुसरं टोक किनाऱ्यावरच्यांच्या हातात दिलं आणि त्यांना लाटांत सोडलं. पहिल्या खेपेला त्यांनी कप्तानाचं लहान मूल आणलं. दमलेल्या जोडीच्या जागी नवी जोडी, अशा नऊ खेपा झाल्या आणि नऊच्या नऊ जीव वाचले. कप्तानाजवळ द्यायला काहीच उरलं नव्हतं. त्याने किनारा धुंडाळून जहाजाच्या नावाची फळी शोधली आणि ती या माणसांना दिली. सरकारचं सुवर्णपदक आलं १९९६ साली, बरोबर शंभर वर्षांनी. त्यांच्या ठाण्याचं स्वयंपाकघर मँटिओत आणून ठेवलं आहे, लहानशी लाकडी खोली. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते.

याच काउंटीत झालेल्या राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची बातमी जगाला ठाऊक आहे. त्या उड्डाणाचं छायाचित्र ज्याने टिपलं, तो जॉन डॅनियल्स हादेखील अशाच एका जीवरक्षक ठाण्यावरचा माणूस होता. १७ डिसेंबर १९०३ ला ऑरव्हिल बारा सेकंदांत १२० फूट गेला. तो टप्पा दाखवणारा दगड किल डेव्हिल हिल्सच्या माळावर आहे. धावेच्या आरंभापासून मी तिथवर चालत गेले, तर पन्नासेक पावलं झाली! चौथं उड्डाण ८५२ फुटांचं, तो दगड पार लांब. भाऊ इथे आले होते सतत वाहणाऱ्या वाऱ्यासाठी, पडलं तर हाड न मोडणाऱ्या वाळूसाठी आणि एकांतासाठी. ज्या टेकडीवरून त्यांनी ग्लायडर उडवले, ती वाळूची टेकडीही चालती होती. स्मारक बांधायचं ठरल्यावर तिच्यावर गवत लावून तिला अडकवावं लागलं.

जवळच्या नॅग्स हेडला जॉकीज रिज नावाचा महाकाय वाळूचा डोंगर मात्र मोकळा आहे. १९७३ मध्ये कॅरोलिस्टा बाउम नावाची बाई तो सपाट करायला आलेल्या बुलडोझरसमोर उभी राहिली, म्हणून तो वाचला आणि पुढे राज्याचं उद्यान झाला. त्याच्या पोटात एक छोटं गोल्फचं मैदान गेलं आहे. वारा फिरला की त्यातल्या खोट्या किल्ल्याचा बुरूज वाळूतून डोकं काढतो.

आणि हॅटरसचा दीपस्तंभ! काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, सुमारे दोनशे फूट उंच, विटांचा. १८७० साली तो उजळला तेव्हा समुद्र पंधराशे फुटांवर होता. शंभर वर्षांत तो जवळजवळ पायथ्याशी आला. हलवायला गेलात तर कोसळेल, असं इथले कितीतरी लोक पोटतिडकीने सांगत होते. १९९९ च्या उन्हाळ्यात अभियंत्यांनी त्याला पायापासून कापून वेगळं केलं, पोलादी तुळयांवर उचललं आणि रुळांवर ठेवून हायड्रॉलिक जॅकने एका वेळी पाच फूट ढकललं. रूळ बुळबुळीत राहावेत म्हणून त्यांना अंगाचा साबण चोळला. सुमारे ४,८०० टनांचं हे बांधकाम २३ दिवसांत २,९०० फूट चालत आत गेलं. मी विटांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, कुठे भेग दिसते का पाहायला. नव्हती. जुन्या जागेवर पायाचे ग्रॅनाइटचे दगड मांडून, त्यांवर दिवा सांभाळणाऱ्या माणसांची नावं कोरून स्मारक केलं होतं. तिथेही समुद्र पोचला, तेव्हा ते दगडसुद्धा उचलून नव्या जागी आणावे लागले.

रोडँथी आणि बक्स्टन या गावांतली समुद्राकाठची घरं तेवढी भाग्यवान नाहीत. लाकडी खांबांवर उभी असलेली वीसहून अधिक घरं २०२० पासून लाटांत कोसळली. रोडँथीच्या पुळणीवर मी फिरले तेव्हा वाळूत खिळे लागलेल्या फळ्या होत्या, मैल्याच्या टाकीचा फुटका नळ होता, भिंतीत भरायच्या गुलाबी कापसाचे पुंजके होते. अनवाणी फिरू नका, असं एका गावकरी बाईंनी मला लांबूनच ओरडून सांगितलं. विमा बहुधा घर पडल्यावर मिळतो, पडण्याआधी पाडायला किंवा हलवायला मिळत नाही, म्हणून मालक वाट पाहत बसतात. तोवर गळक्या टाक्या आणि खिळे सगळ्यांच्या वाट्याला. माझ्या मते हा नियम आधी बदलायला हवा. २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने धोक्यातली दोन घरं विकत घेऊन पाडली आणि ती जागा सगळ्यांसाठी मोकळी केली. त्या बाईंना याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, पैसे आणले तर आणखी घरं लगेच देतील लोक. आमचं घर वडिलांनी दोनदा मागे नेलं, आता तिसऱ्यांदा न्यायचंय, रस्त्यापलीकडे जागा पाहून ठेवली आहे.