सिराह, शिराझ आणि वहिनींच्या चिठ्ठ्या

पुण्याहून पौडकडे जाताना चांदणी चौक ओलांडला, भूगाव मागे टाकले की भुकूम येते. तेथे माझ्या आतेभावाचे घर आहे. घराला तळघर नाही. खालचा कातळ फोडण्याचा खर्च ऐकून दादाने तो विचार सोडून दिला होता. जिन्याखाली एक खोल कपाट आहे, त्यालाच आम्ही सारे थट्टेने ‘सेलर’ म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात त्यात चौतीस बाटल्या होत्या. दादाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर डॉक्टरांनी वाइन बंद केली, आणि वहिनी तर दोन वर्षांपूर्वीच गेल्या. “पडून खराब होण्यापेक्षा पिणाऱ्यांना देऊन टाकू,” दादा म्हणाला, “पण आधी नीट यादी कर. तू मराठीची. तुम्हां लोकांना संदर्भसूच्यांची सवय असते.”

मी वाइन पीत नाही. सूची मात्र माझा दुबळेपणा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांमधील संदर्भसूच्यांवर लाल शाई ओतण्यात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. तेव्हा लॅपटॉप घेऊन मी जिन्याखाली बैठक मारली आणि एक्सेलमध्ये रकाने पाडले : निर्माता, नाव, द्राक्षाची जात, प्रदेश, वर्ष, खरेदी, संख्या, शेरा.

मुळशीच्या पावसात या घराच्या भिंतींनाही घाम फुटतो. बाटल्यांवरची लेबले सुटतात. उरतात ती कसर खाते. म्हणून वहिनींनी प्रत्येक बाटलीच्या मानेला दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधून ठेवली होती. अक्षर शिसपेन्सिलीचे, ओलीला न फुटणारे. माझे काम एवढेच, की चिठ्ठीवरचे संगणकात न्यायचे.

पहिली अडचण जातीच्या रकान्यात आली. वहिनींनी कुठे ‘शिराझ’ लिहिले होते, कुठे ‘सिराह’, तर कुठे ‘शिराज’. द्राक्ष एकच. फ्रान्समध्ये त्याला सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ. आपल्या नाशिककडच्या बाटल्यांवर बहुधा दुसरे नाव असते. हाफिज आणि सादी यांच्या शिराझ शहरातून हा वेल युरोपात गेला, ही दंतकथा फार रम्य आहे. परंतु १९९०च्या दशकाअखेरीस डीएनए तपासणीने तो फ्रान्समधल्याच दोन जातींचा संकर असल्याचे दाखवून दिले. संगणकाला दंतकथा कळत नाही आणि डीएनएही कळत नाही. त्याच्या लेखी तीन लेखने म्हणजे तीन द्राक्षे. चाळणी लावली तर एका जातीच्या बाटल्या तीन ठिकाणी विखुरणार.

हे दुखणे मला परिचयाचे होते. एका जुन्या ग्रंथालयात मी माधव जूलियनांची पुस्तके तीन खणांत शोधली आहेत. एकदा ‘जूलियन’खाली, एकदा ‘ज्युलियन’खाली आणि एकदा ‘पटवर्धन, माधव त्रिंबक’ या नावाखाली. एकाच कवीचे तीन कवी झालेले पाहून मी तेव्हा जे काही मनात म्हटले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. तेव्हा निर्णय घ्यायला मला क्षणभरही लागला नाही. सर्वत्र ‘शिराझ’.

मग ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आली. येथे दिंडोरी हे नाव मानायचे की प्रदेश? नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याचे नाव बाटलीच्या नावातच बसलेले. मी ते दोन्ही रकान्यांत घातले. वर्षाचाही घोळ होता. नाशिककडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि काढणी पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये. लेबलावर येते ते काढणीचे वर्ष. फ्रान्समध्ये काढणीच सप्टेंबर-ऑक्टोबरातली. म्हणजे एकच सन छापलेल्या दोन बाटल्यांच्या वयात अर्ध्या वर्षाहून अधिक अंतर असू शकते. शकाचा सन करताना ७८ मिळवायचे की ७९, यावर अडखळणाऱ्या माझ्या वर्गाची मला आठवण झाली.

असो. काम वेगाने चालले होते. एकेक चिठ्ठी वाचायची, नोंद करायची, दोरा कापायचा आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची. यादीत आल्यावर चिठ्ठीचे काय काम? पहिल्या दिवशी अकरा बाटल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घंटागाडीत रिकामी झाली.

त्या दिवशी कपाटाच्या अगदी आतून, त्या चौतिसांत न धरलेली एक रिकामी बाटली निघाली. ऐंशीच्या दशकात नारायणगावजवळ इंडेज कंपनीने फेसाळ वाइन काढली आणि परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली. तिचीच ही बाटली. वहिनींची चिठ्ठी होती : ‘उमर खय्याम. रिकामी. ठेवायची.’ मी लेबलाप्रमाणे ‘ओमर’ असे टंकले. मागे उभा असलेला दादा म्हणाला, “ती कधी ओमर म्हणायची नाही. ‘द्राक्षकन्या’ तिची पाठ होती. उमरच म्हणायची.”

‘द्राक्षकन्या’ म्हणजे माधव जूलियनांनी १९३१ साली केलेला रुबायांचा अनुवाद. ज्यांना एका खणात आणण्यासाठी मी तळमळले, तेच येथे येऊन उभे राहिले. मी हात थांबवला आणि उरलेल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, या वेळी लेबलांशी ताडून.

लेबलावर सिराह असेल तेथे वहिनींनी सिराह लिहिले होते, शिराझ असेल तेथे शिराझ. आणि ‘शिराज’? तो फक्त त्याच बाटल्यांवर होता, ज्यांचे लेबल आधीच गळून पडले होते. तेथे पाहून उतरवण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून वहिनींनी आठवणीने लिहिले, आणि आठवणीत त्यांना शहराचे जुने नाव होते. ज्याला मी शुद्धलेखनातला गलथानपणा समजले, तो खरे म्हणजे काटेकोरपणा होता. कोणती नोंद पाहून केली आणि कोणती स्मरणाने, हे त्या एका अक्षरावरून कळत होते.

एम.ए.च्या वर्गाला मी पाठचिकित्सा शिकवते. नकलकाराची ‘चूक’ पुसू नका, तीच पोथीचा माग दाखवते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

मी यादीत आणखी एक रकाना पाडला : ‘चिठ्ठीवर आहे तसे’. जातीच्या रकान्यात एकच नाव, शोधण्यासाठी. या रकान्यात वहिनींचे अक्षर, ह्रस्वदीर्घासकट. ग्रंथपाल हे पूर्वीपासून करत आले आहेत. मुखपृष्ठावरचे नाव वेगळे नोंदवायचे आणि शोधाचे नाव वेगळे. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. यादी लवकर संपवायची होती.

पहिल्या अकरांपैकी सात बाटल्यांवर लेबल शिल्लक होते. त्यांवरून वहिनींनी काय लिहिले असेल याचा अंदाज बांधता आला असता. पण अंदाज त्या रकान्यात लिहायचा नाही, असे ठरवले. चार बाटल्यांवर लेबलही नव्हते आणि चिठ्ठीही नव्हती. त्यांत ‘शिराझ’ म्हणून मी केलेली नोंद वहिनींच्या कोणत्या शब्दावरून केली, हे मलाही आता आठवत नाही.

दादाला सारे सांगितले. तो रागावला नाही. कापलेल्या अकरा दोऱ्यांचा गुंता टेबलावरून उचलून त्याने खिशात ठेवला आणि विचारले, “रिकामीची नोंद केलीस ना?”

ती केली आहे. नाव : उमर खय्याम. संख्या : ०.